आजाराचा धक्का आणि त्यानंतरचे जगणे



कामावर चक्कर येऊन पडणे, छातीत अचानक कळ येणे, तपासणीत साखर तीनशेच्या वर निघणे, अशा एका दिवसाने माणूस मुळापासून हादरतो. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कामगार वस्त्यांत आम्ही तपासणीला जातो तेव्हा या धक्क्यानंतरची दोन टोके दिसतात. काही जण आठवडाभर तंबाखू सोडतात, फिकट चहा पितात आणि ओव्हरटाइम सुरू झाला की सगळे विसरतात. काही जण "आता आपलं काय राहिलं" म्हणून गोळ्यासुद्धा घेत नाहीत. तथागतांनी दोन्ही टोके टाळायला सांगितले. आजारपणात ते कसे टाळायचे, हे बाबासाहेबांच्या आयुष्यात पाहायला मिळते.

बाबासाहेबांनी काय केले?

1948 साली घटनेच्या मसुद्याचे काम चालू असताना बाबासाहेबांना मधुमेहाने घेरले होते. पायांतल्या नसा इतक्या दुखत की रात्र रात्र झोप नसे. 27 मे 1935 रोजी माता रमाई गेल्यानंतर पुन्हा लग्न करायचे नाही, असे त्यांनी ठरवले होते. पण देखभालीशिवाय शरीर टिकणार नाही आणि शरीर टिकले नाही तर हाती घेतलेले कामही टिकणार नाही, हे त्यांनी ओळखले आणि आपला निर्णय बदलला. मुंबईत डॉ. मालवणकर यांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी 15 एप्रिल 1948 रोजी दिल्लीत त्यांचा नोंदणी पद्धतीने विवाह झाला. त्याच आपल्या माईसाहेब.

आजार गेला नाही. 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेब आपल्या देहूरोडला बुद्धमूर्तीच्या स्थापनेसाठी आले, तेव्हाही प्रकृती ढासळलेलीच होती. तरीही 14 ऑक्टोबर 1956 ची दीक्षा झाली आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ लिहून झाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी आपले दुखणे किती विकोपाला गेले होते ते सांगितले आहे, आणि पत्नी व डॉ. मालवणकर यांच्या उपचारांमुळेच हे काम पुरे झाले असे कृतज्ञतेने लिहिले आहे. माईसाहेबांवर पुढे खूप आरोप झाले. ही कृतज्ञता मात्र खुद्द बाबासाहेबांची आहे.

एवढा मोठा माणूस मदत घ्यायला लाजला नाही. पूर्ण बरे झाल्यावर जगू, असेही त्यांनी म्हटले नाही. आजार सोबत धरून, उरलेल्या वेळात काय आधी करायचे ते त्यांनी ठरवले. दृष्टी बदलते ती अशी.

आपण काय करायचे?

1. आकडा माहीत हवा. उपाशीपोटी साखर 126 किंवा जास्त, अथवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी 6.5 किंवा जास्त असेल, तर मधुमेहाची शक्यता धरून डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. तिशीनंतर तपासणी करतच राहा.

2. बरे वाटले म्हणून औषध बंद करू नका. बरे वाटते ते औषधामुळेच. रात्रपाळी लागली की गोळी किंवा इन्सुलिन कधी घ्यायचे, ते डॉक्टरांना शिफ्टची वेळ सांगून विचारा.

3. पाय रोज पाहा. मधुमेहात पाय बधिर होतात. सेफ्टी शूजमध्ये लोखंडाचा कीस शिरला तरी कळत नाही. बूट घालण्याआधी झटका, घरी आल्यावर तळवे व बोटांच्या बेचक्या पाहा.

4. साखर उतरली तर थांबा. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली की आधी मशीन सोडा. तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासा. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, 108 ला फोन करा.

5. नोकरी जाईल म्हणून लपवू नका. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या, ईएसआय लागू असलेल्या ठिकाणच्या कंत्राटी कामगारालाही विमा मिळतो. वर्गणीचे दिवस भरले असतील तर आजारपणाच्या प्रमाणित रजेत वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के भत्ता मिळतो. पगारातून ईएसआय कापतात का, ते आजच पावतीवर पाहा. ईएसआय नसेल तर पिंपरीचे वायसीएम किंवा चाकणचे ग्रामीण रुग्णालय आहे.

6. घरातल्या बाईचीही तपासणी करा. नवऱ्याचा डबा बिनसाखरेचा करणारी आपली ताई स्वतःचा रक्तदाब किती आहे ते कधी बघत नाही.

अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या एका भिक्षूला तथागतांनी आनंदाला बरोबर घेऊन स्वतःच्या हाताने धुतले, आणि आजाऱ्याची सेवा ही माझीच सेवा आहे, असे संघाला सांगितले. म्हणून पुढच्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली की एकमेकांना विचारा, "तुमची साखर किती? औषध चालू आहे ना?" कोणी एकट्याने दवाखान्यात जायला घाबरत असेल, तर सोबत जा.

नमो बुद्धाय. जय भीम.