कामाचा मोकळा माणूस शोधावा कुठे?

लहान धंद्यात काही कामे अशी असतात की त्यांच्यासाठी पगारी नोकर ठेवणे परवडत नाही आणि घरच्या माणसांकडून ती होतही नाहीत. लेबलचे डिझाइन, हिशेब लिहिणे, जीएसटीची विवरणपत्रे भरणे, मालाचे फोटो काढणे ही अशीच कामे. त्यांना हवा असतो सुट्या कामाचा माणूस. हल्ली त्याला फ्रीलान्सर म्हणतात. शब्द नवा आहे, प्रकार जुनाच. काज-बटणाचे आणि जरीचे काम बाहेर देण्याची मुंबईच्या शिलाई कारखान्यांतली रीत काही आजची नव्हे.

असा माणूस मिळतो तो बहुधा ओळखीतूनच. मात्र ओळखीत विचारायचे म्हणजे कोणाला आणि काय, हे मी नुकसान सोसून शिकलो.

काही वर्षांपूर्वी माझ्या भावजयीने घरगुती मसाल्याचा व्यवसाय सुरू केला. लेबलसाठी माणूस शोधण्याचे काम माझ्याकडे आले. मी खानदानाच्या व्हॉट्सअॅप गटावर लिहिले, "कोणी चांगला डिझायनर माहीत आहे का?" संध्याकाळपर्यंत सात नावे आली. त्यांतले दोघे नोकरीत होते, एक आखातात होता, एकाने हे काम केव्हाच सोडले होते. शेवटी मावसभावाच्या मुलाला काम दिले. लेबल दिसायला सुरेख झाले. पाच हजार प्रती छापून आल्या आणि मग लक्षात आले की निव्वळ वजनाचा आकडा नियमापेक्षा बारीक आहे, अन्न सुरक्षा नोंदणीच्या 14 आकडी क्रमांकाला जागाच ठेवलेली नाही आणि शाकाहारी पदार्थाचे हिरवे चिन्हही नाही. मुलाने तोवर लग्नपत्रिकाच केल्या होत्या. त्याला दोष कसा द्यावा? ती माहिती आम्हीही त्याला दिली नव्हती. सगळा गठ्ठा रद्दीत गेला. वर मावसभाऊ म्हणाला, "भाईजान, पोराने दोन रात्री जागून केलंय." बोलायची सोयच उरली नाही.

या प्रकारात पहिली चूक झाली ती विचारण्याच्या जागेची. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1973 साली एक निबंध प्रसिद्ध केला. बोस्टनजवळच्या न्यूटन गावातील, नव्याने नोकरी बदललेल्या लोकांची त्याने पाहणी केली होती. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारले, ज्याच्याकडून खबर लागली तो तुम्हाला त्या काळात किती वेळा भेटत असे? आठवड्यातून दोनदा तरी भेटत असे, असे सांगणारे फक्त 16.7 टक्के निघाले. 55.6 टक्के लोकांना तो अधूनमधून भेटत असे, तर 27.8 टक्क्यांना वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी. कारण सोपे आहे. जवळची माणसे ज्यांना ओळखतात त्यांना आपणही ओळखतोच. नवे नाव येते ते थोड्या दूरच्या माणसाकडून. 2022 साली लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही फार जवळच्या नव्हे आणि अगदी परक्याही नव्हे, अशा मधल्या ओळखी सर्वांत उपयोगी ठरल्या. हे दोन्ही अभ्यास नोकऱ्यांचे आहेत, सुट्या कामांचे नाहीत. पण तर्क तोच लागू पडतो.

आता ही दूरची माणसे म्हणजे नेमकी कोण? माझा अनुभव असा की, एकाचे काम झाल्यावर ते ज्याच्या हातात जाते त्याला विचारावे. डिझायनर कसा आहे हे छापखानेवाला जाणतो, कारण चुकलेली फाइल त्यालाच निस्तरावी लागते. हिशेब लिहिणारा कसा आहे हे सी.ए.च्या कचेरीत कळते. कापड बेतणारा मास्टर कसा आहे ते शिवणाऱ्या कारागिराला विचारा.

दुसऱ्या खेपेला मी छापखान्यात गेलो. "चाचा, खाण्याच्या पदार्थांची लेबले कोणाकडून आली की तुम्हाला फाइल दुरुस्त करावी लागत नाही?" चाचांनी दोन नावे दिली. पहिल्याने फोन उचलला नाही. दुसऱ्याने सांगितले, "दिवाळीपर्यंत हात रिकामा नाही." पूर्वी मी येथेच फोन ठेवला असता. या वेळी विचारले, "तुमचे स्वतःचे काम अडले तर तुम्ही कोणाला द्याल?" त्याने लगेच एक नाव दिले, आणि आमचे काम त्या तिसऱ्या बाईंनी केले. कामात बुडालेला चांगला कारागीर हा फार कामाचा वाटाड्या असतो. आपल्या तोडीचा कोण आणि सध्या मोकळा कोण, हे त्याला ठाऊक असते; आणि स्वतःचे नाव अडकलेले असल्यामुळे तो ऐऱ्यागैऱ्याला पुढे करत नाही.

प्रश्नही नेमका हवा. "चांगला माणूस आहे का" या प्रश्नाला प्रत्येकाजवळ एक भाचा असतो. त्याऐवजी असे सांगावे: "पाव किलो आणि अर्धा किलोच्या पाकिटांसाठी दोन लेबले हवीत, 25 तारखेपर्यंत. पूर्वी खाद्यपदार्थांचे लेबल केलेला आणि या महिन्यात वेळ असलेला कोणी आहे का?" नाव सांगणाऱ्याला पुढे एवढेच विचारा, "तुम्ही स्वतः त्याच्याकडून काम करून घेतले का, आणि दुसऱ्यांदा दिले का?" स्तुती कोणीही करतो. दुसऱ्यांदा काम देणारा मात्र खिशातून पैसे काढून बोलत असतो.

वेळेचे भान तर हवेच. ईदच्या आठवडाभर आधी शिंप्याकडे कापड घेऊन जाणाऱ्याला आपण हसतो, पण जीएसटीच्या बाबतीत तेच करतो. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-1 ची मुदत 11 तारीख आणि 3 बी ची 20 तारीख असते. त्या दिवसांत हिशेबनीसाला फोन केला तर तो 'नाही'च म्हणणार. 22 नंतर करा, तोच माणूस निवांत बोलेल. गरज नसतानाच चार नावे वहीत टिपून ठेवावीत, आणि मोठे काम देण्याआधी एखादे लहान काम पैसे देऊन करून घ्यावे.

नात्यातल्या माणसाला काम देऊच नये, असे मी म्हणत नाही. पण मोबदला, मुदत आणि दुरुस्त्या किती वेळा, हे त्याच्याशीही लिहूनच ठरवावे. डिझाइनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. नोकराने नोकरीत केलेल्या कामाचा स्वामित्वहक्क सहसा मालकाचा असतो. सुट्या माणसाच्या कामाला तो नियम लागू होत नाही. हक्क लेखी करून घ्यावे लागतात. 1957 च्या कायद्यानुसार त्या लेखात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षेच धरली जाते.

पैसे मात्र ठरल्या दिवशी द्यावेत. तुम्ही थकवले की कारागीर तक्रार नाव सुचवणाऱ्याकडे करतो, आणि तो तुम्हाला पुन्हा नाव देत नाही. काम झाल्यावर त्याला फोन करून कसे झाले तेही सांगावे. मी चाचांना नव्या लेबलचे पाकीट नेऊन दाखवले होते. गेल्या महिन्यात त्यांचाच फोन आला, हिशेब लिहायला कोणी मोकळा आहे का म्हणून. तारीख होती 14. मी म्हटले, "चाचा, आठ दिवस थांबा, मग नंबर देतो."