भंगारातला हायड्रोलिक पंप: आधी ओळखा, मग मोजा, मग गाडीला बसवा



आपल्यातले काही सभासद बागेत माल ओढायला घरच्या घरी छोटी गाडी बनवतात. इंजिन जुनं, डिफरन्शियल जुन्या जीपचा आणि मधे भंगारातून आणलेला हायड्रोलिक गिअर पंप व मोटर. एका सभासदाची अशी गाडी सपाटीवर छान चालली. रिव्हर्स टाकला आणि पहिल्याच दिवशी सील उडून सगळं ऑइल जमिनीवर आलं. कारण एकच. मोटर म्हणून बसवलेली वस्तू मुळात पंप होती. म्हणून आजचा पाठ. वेळ काढून वाचा आणि जपून ठेवा.

*१) पंप की मोटर?*
दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. तोंडं बघा.
• एक तोंड मोठं, एक लहान: हा पंप. मोठं तोंड सक्शनचं, लहान डिलिव्हरीचं.
• दोन्ही तोंडं सारखी आणि शिवाय एक बारीक तिसरं भोक: ही दोन्हीकडे फिरणारी मोटर. तिसरं भोक ड्रेनचं. त्याची नळी थेट टाकीत सोडायची, बुजवायची नाही.
पंपाच्या शाफ्टचं सील आतून सक्शनच्या बाजूला जोडलेलं असतं. त्या बाजूला प्रेशर आलं की सील टिकत नाही. पंपाला मोटर करून उलटा फिरवला की नेमकं हेच होतं.

*२) कोणत्या दिशेने फिरणारा?*
पंप असा धरा की शाफ्ट तुमच्याकडे आणि वरच्या अंगाला राहील. मोठं तोंड डावीकडे असेल तर पंप घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवायचा. उजवीकडे असेल तर उलटा. हे न बघता इंजिनला जोडलात तर तेच सील पुन्हा जाणार.

*३) किती सीसीचा?*
पंपाचा आकार बघून किंवा वजनावर भाव करू नका. एका फेऱ्यात किती ऑइल ढकलतो तो त्याचा सीसी. प्लेट नसेल तर दोन पद्धती आहेत.
पहिली: सक्शन ऑइलच्या डब्यात बुडवा, हवा निघेपर्यंत शाफ्ट हाताने फिरवा. मग बरोबर १० फेरे द्या, बाहेर आलेलं ऑइल मापात मोजा आणि १० ने भागा. हाताने हळू फिरतो म्हणून माप थोडं कमीच येतं.
दुसरी: पंप खोलून व्हर्नियरने तीन मापं मिलिमीटरमध्ये घ्या. गिअरचा बाहेरचा व्यास, दोन गिअरच्या मध्यांमधलं अंतर आणि गिअरची रुंदी.
*सीसी = ३ × रुंदी × मध्यांतर × (व्यास − मध्यांतर) ÷ १०००*
उदाहरण: व्यास ३६, मध्यांतर ३०, रुंदी २०. म्हणजे ३ × २० × ३० × ६ = १०,८००. भागिले १०००, म्हणजे १०.८ सीसी.
खोललाच आहे तर सक्शनकडची बॉडी आतून बघा. गिअरने घासलेला हलका पट्टा असतोच. पण त्यात नख अडकत असेल किंवा शाफ्ट हलत असेल तर तो पंप घेऊ नका.

*४) हिशोब: प्रेशर ओढतं, ऑइल पळवतं*
ओढ कमी पडली तर प्रेशर किंवा मोटरचे सीसी कमी. वेग कमी पडला तर पंपाचं ऑइल कमी. हे दोन वेगळे ठेवा.

समजा, भरलेली गाडी १००० किलो, चाकाचा व्यास ६० सेंटिमीटर, चढ पाच फुटाला एक फूट.
• चढासाठी ओढ २०० किलो, भुसभुशीत जमिनीसाठी आणखी १०० धरा. एकूण ३०० किलो.
• चाकाची त्रिज्या ०.३ मीटर. ३०० × ०.३ = ९० किलो-मीटर पीळ चाकाला लागणार.
• गिअर मोटर साधारण ५००-६०० आरपीएमच्या खाली नीट ओढत नाही. म्हणून ती थेट चाकाला लावायची नाही. डिफरन्शियल ५ पट आणि चेन-स्प्रॉकेट ४ पट, असं २० पट रिडक्शन घ्या.
• ९० ÷ २० = ४.५. चेन आणि गिअरमधली घट धरून मोटरला ५.३ हवा.
*मोटरचा पीळ = सीसी × बार ÷ ७००* (घट धरून). २५ सीसीची मोटर, १५० बार: २५ × १५० ÷ ७०० = ५.३. जमलं.

आता वेग. वरचाच १०.८ सीसीचा पंप २५०० आरपीएमवर मिनिटाला २७ लिटर फिरवेल, गळती वजा जाता २४ हाती येतील. त्यावर २५ सीसीची मोटर साधारण ८७५ आरपीएम फिरते, २० पट रिडक्शननंतर चाक ४४ फेरे. म्हणजे ताशी ५ किलोमीटर. बागेत एवढा वेग पुरे.

*इंजिनची ताकद = लिटर × बार ÷ ४५०.* २७ × १५० ÷ ४५० = ९ एचपी. घट धरून १२ एचपीचं इंजिन घ्या. ५ एचपीच्या इंजिनवर हाच पंप लावलात तर चढावर इंजिन बंद पडणार.

*५) यात काटकसर नको*
• *रिलीफ व्हॉल्व्ह:* पंपाच्या लगेच पुढे, १५० बारवर सेट केलेला, गेज लावून. गाडी अडली तर ऑइलला वाट हवी, नाहीतर होज किंवा पंपाची बॉडी फुटते.
• *वेगळा ब्रेक:* लिव्हर बंद केला तरी गिअर मोटर गाडी धरून ठेवत नाही. आतून ऑइल सरकतं आणि भरलेली गाडी उतारावर हळूहळू निघते. चाकाला ब्रेक आणि हँडब्रेक हवाच. उभी केल्यावर चाकाखाली दगड.
• *सक्शन पाइप* जाड आणि आखूड. पंप किंचाळत असेल तर ऑइल कमी पडतंय किंवा हवा ओढतोय. तसाच चालवू नका.
• जळालेलं इंजिन ऑइल नको. हायड्रोलिक ऑइलच घाला आणि रिटर्नला फिल्टर लावा.
• *गळती हाताने चाचपू नका.* बारीक भोकातून उडणारं ऑइल कातडीत घुसतं. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी आतून हात सडू शकतो. दुखत नसलं तरी लगेच मोठ्या दवाखान्यात जा आणि प्रेशरचं ऑइल आत गेलंय असं स्पष्ट सांगा. पुठ्ठा धरून गळती शोधा.
• अशी गाडी नोंदणीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. शेतातच वापरा. माणसं, विशेषतः पोरंटोरं मालावर बसवू नका.

भंगारच्या दुकानात जाताना खिशात व्हर्नियर आणि हा मेसेज ठेवा. घेण्याआधी तीन मापं आणि दोन्ही तोंडांचा फोटो या मेसेजला उत्तर म्हणून पाठवा, हिशोब मिळून करू. पैसे दिल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी