आठ चिप्स की सोळा?

"रॅम टाक, पीसी पळायला लागेल" हे वाक्य होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर ऐकू येतं. मीही तेच म्हणायचो. २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत घरचा पीसी उघडला आणि माझी चांगलीच जिरली.

आमचा डेस्कटॉप २०१० सालचा. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, इंटेलच्या जी४१ चिपसेटचा बोर्ड आणि २ जीबी डीडीआर३ रॅम. बाबा त्यावर गावातल्या लोकांना सातबारा काढून देतात, पीक विम्याचे, स्कॉलरशिपचे फॉर्म भरून देतात. त्या सुट्टीत शेजारच्या मुलीचा फॉर्म भरायला ते रात्री साडेनऊला बसले. पान उघडेपर्यंत सेशन संपायचं. पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी. फॉर्म गेला तेव्हा एक वाजला होता. मुदत दुसऱ्या दिवशीपर्यंत होती म्हणून वाचलो. नव्या पीसीचा विषय बाबांनी काढलाच नाही. माझी फी नुकतीच भरली होती.

रॅम खरंच कमी पडते का, हे आधी टास्क मॅनेजरमध्ये बघा. मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर आणि डिस्क सतत शंभर टक्के, असं दोन्ही एकदम दिसलं तर दुखणं बहुधा तेच. रॅम भरली की विंडोज तिच्यातला काही भाग हार्ड डिस्कवर ठेवते आणि लागला की परत आणते. रॅममधून माहिती उचलायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, हार्ड डिस्कवरून १० मिलिसेकंद. म्हणजे लाखपट! मेसमध्ये हात लांबवून मीठ घ्यायला एक सेकंद लागत असेल, तर डिस्कवरचं मीठ यायला सत्तावीस तासांच्या वर. मेमरी मोकळी असूनही पीसी रखडत असेल, तर मात्र रॅमवर पैसे घालू नका.

बोर्डवर दोन स्लॉट, त्यातला एक रिकामा. तालुक्याच्या गावातून ७०० रुपयांना ४ जीबीची डीडीआर३ आणली. डीडीआर२, ३ आणि ४ यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची पिढी स्लॉटमध्ये बसतच नाही. ही बसली, म्हणजे चालणार, असं मी धरून चाललो. वायर काढली, पॉवरचं बटण दाबून उरलासुरला करंट घालवला, हातातली स्टॅटिक जावी म्हणून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला, जुन्या रॅमचे सोनेरी दात खोडरबराने पुसले. क्लिपा खट्ट बसल्या. बटण दाबलं तर स्क्रीन काळी, आणि आतून लांबलचक बीप. बाबा दारात उभे होते, काही बोलले नाहीत. नवी काढली की पीसी चालू, लावली की बीप. दुकानदाराने तीच रॅम दुसऱ्या मशीनवर चालवून दाखवली. "माल ओके आहे, तुमचा बोर्ड गेलाय." पैसे परत नाहीत.

सुट्टी संपल्यावर ती घेऊन हार्डवेअर लॅबच्या काकांकडे गेलो. त्यांनी बोर्ड कुठला ते विचारलं, रॅम उलटसुलट करून पाहिली. "एकाच बाजूला चिपा आहेत रे. मोज." आठ होत्या. "तुझ्या बोर्डाला सोळावाली लागते."

आता बघा, ४ जीबी म्हणजे ३२ गिगाबिट. ते ४ गिगाबिटच्या आठ चिप्सवर बसतात, किंवा २ गिगाबिटच्या सोळा चिप्सवर. स्टिकरवर दोन्हीकडे ४ जीबीच! पण अशा २ गिगाबिटच्या चिपला रो अ‍ॅड्रेसचे १५ बिट पुरतात, ४ गिगाबिटच्या चिपला सोळावा लागतो. जी४१ हा २००८ चा चिपसेट. कोअर टू ड्युओच्या बोर्डांवर मेमरी कंट्रोलर चिपसेटमध्येच असायचा आणि याचा कंट्रोलर २ गिगाबिटपर्यंतच्याच चिप्स ओळखतो. बोर्ड गेलेला नव्हता, त्याला तो सोळावा बिट माहीतच नव्हता. डिजिटलच्या पेपरला "अमुक इतक्या अ‍ॅड्रेस लाइन्स, तर लोकेशन्स किती?" हे आपण दोन मार्कांसाठी घोकतो. माझे सातशे रुपये त्याच गणितात अडकले होते.

मग सोळा चिप्सची जुनी ४ जीबी शोधून ५०० रुपयांना घेतली. पुढच्या खेपेला घरी लावली आणि पीसी सुरू झाला. विंडोज म्हणाली : मेमरी ६ जीबी, वापरता येणारी सव्वातीन! घरची विंडोज १० होती ३२ बिटची, आणि ३२ बिटांत ४ जीबीचेच पत्ते मावतात. त्यातलेही काही ग्राफिक्स आणि इतर हार्डवेअर अडवतात. प्रोसेसर ६४ बिटचा असल्याने मार्ग होता, पण ३२ वरून ६४ वर जायचं तर सगळं नव्याने टाकावं लागतं. रविवार गेला. बाबांच्या फायली पेनड्राइव्हवर घेतल्या, विंडोज टाकली. सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो प्रिंटरच्या ६४ बिट ड्रायव्हरने.

पीसी सुरू व्हायला अजूनही चहा होईल इतका वेळ लागतो, कारण डिस्क जुनीच आहे. फॉर्म मात्र एका बैठकीत जातो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, तेव्हा आणखी एक रविवार लिनक्ससाठी ठेवावा लागेल.

आठ चिप्सवाली रॅम काकांनी लॅबमधल्या खिडकीजवळच्या मशीनला लावली. तिथे ती मस्त चालते. परत मागितली तर काका देत नाहीत.