शिकारी जातीच्या कुत्र्यास आज्ञापालनाचे शिक्षण

लांब पायांची, खोल छातीची व बारीक कमरेची एक कुत्र्याची जात दख्खनच्या पठारावर शेतकऱ्यांच्या वस्तीवर पिढ्यानपिढ्या पाळली जात आहे. महाराष्ट्रात तिला कारवान म्हणतात. मुधोळ संस्थानचे अधिपती मालोजीराव घोरपडे यांनी तिची आस्थेने जोपासना केली, म्हणून कर्नाटकात ती मुधोळ या नावाने प्रसिद्ध आहे. इ. स. २००५ साली भारतीय टपाल तिकिटावर या जातीचे चित्र आले व २०१६ साली सैन्याने तिची पिले शिक्षणासाठी मेरठ येथे नेली. इतका लौकिक असूनही अनेक पाळणाऱ्यांची तक्रार अशी की, हा कुत्रा धावण्यात अजोड, पण ऐकण्यात नाठाळ. या तक्रारीचे मूळ कशात आहे व तीवर उपाय काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

नाठाळपणाचे कारण

बहुतेक कुत्री वासाने माग काढतात. हा कुत्रा नजरेने शिकार करतो. दूरवर काही हलले की धन्याच्या सांगण्याची वाट न पाहता झेप घ्यावी, याच गुणासाठी त्याची पैदास झालेली आहे. धनगराचा कुत्रा कळपाबरोबर राहून धन्याकडे वरचेवर पाहतो; यास तशी सवय उपजत नाही. तेव्हा त्याचे न ऐकणे हा मूर्खपणा नव्हे, की उद्दामपणाही नव्हे. आज्ञा पाळण्याची सवय त्याच्या अंगी धावण्याच्या ओढीइतकी मुरविली गेलेली नसते, इतकाच त्याचा अर्थ.

पूर्वी असा कुत्रा ससा मारून आणी, तेव्हा घरी त्याचे कौतुक होई. आता तसे राहिलेले नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी आहे, आणि वन्य प्राण्यास कुत्र्याकरवी पिटाळणे हीही त्या कायद्यात शिकारच होय. शिवाय शेजाऱ्याच्या शेळ्यामेंढ्या, मोटारींचा रस्ता व कठडा नसलेल्या विहिरी आहेतच. सबब ज्यास या कुत्र्याचा उपयोग राखणीसाठी करावयाचा आहे, त्याने हाकेसरशी परत येणारा कुत्राच तयार केला पाहिजे.

शब्दाची किंमत

रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखविले की, एखाद्या खुणेमागोमाग नियमाने अन्न मिळाले, तर नुसत्या खुणेने तोंडास पाणी सुटते. आणि तीच खूण अन्नावाचून वारंवार केली, तर तिचा प्रभाव नाहीसा होतो. आपल्या हाकेचेही असेच आहे. कुत्रा उंदराच्या बिळाशी गुंतला असता बांधावरून दहा वेळा ‘ये, ये’ असे ओरडणे म्हणजे त्या शब्दास अर्थ नाही हेच त्यास शिकविणे होय. जी आज्ञा त्या क्षणी आपण पाळवून घेऊ शकत नाही, ती देऊच नये. या एका नियमावर पुढील सर्व शिक्षण उभे आहे.

दुसरे असे की, शब्द घरात एकच असावा. धनी ‘ये’ म्हणतो, मुलगा ‘इकडे चल’ म्हणतो आणि गडी ‘यू यू’ करतो, तर पिलाने काय समजावे? तसेच मुलांनी गंमत म्हणून मांजरावर ‘छू’ करणे कटाक्षाने बंद ठेवावे. एका क्षणाची ती गंमत महिन्याची शिकवणी धुऊन टाकते.

चार आज्ञा

पिलू दोन महिन्यांचे झाले की आरंभ करावा. पाठ पाच मिनिटांचा, दिवसातून दोनतीनदा, सकाळी ऊन चढण्यापूर्वी व खाण्याच्या आधी द्यावा. भुकेमुळे लक्ष राहते. शिवाय पोट भरल्यावर जोराने धावविणे खोल छातीच्या कुत्र्यास धोक्याचे असते. बक्षिसास दुधात भिजविलेल्या भाकरीचे किंवा उकडलेल्या अंड्याचे लहान तुकडे पुरेत. बक्षीस कृतीच्या त्याच क्षणी द्यावे. उशिरा दिले तर कशाबद्दल मिळाले हे त्यास कळत नाही.

‘ये’ – प्रथम घरात दोघांनी समोरासमोर बसून आळीपाळीने एकदाच हाक मारावी व पिलू येताच तुकडा द्यावा. नंतर अंगणात, व पुढे पीक निघालेल्या मोकळ्या रानात तीसचाळीस फुटांच्या दोरावर हाच पाठ द्यावा. या जातीचे डोके अरुंद असल्याने साधा पट्टा निसटतो व भरधाव धावता हिसका बसल्यास मानेस इजा होते; म्हणून लांब दोर छातीवरून घेतलेल्या रुंद बंदास बांधावा. दोर हातास गुंडाळू नये. दहा वेळा बोलाविले, तर नऊ वेळा बक्षीस देऊन पुन्हा मोकळे सोडावे. प्रत्येक हाकेनंतर साखळीच नशिबी आली, तर कोणता कुत्रा येईल?

‘बस’ – तुकडा नाकाशी धरून हात डोक्यावरून मागे न्यावा. मान वर जाते व कुत्रा आपोआप बसतो. बसताच शब्द उच्चारून तुकडा द्यावा. पाठीवर दाबून बसवू नये.

‘थांब’ – या जातीस सर्वांत उपयुक्त आज्ञा हीच. बसलेल्या कुत्र्यापासून एक पाऊल मागे जाऊन लगेच परतावे व तुकडा द्यावा. पुढे अंतर, वेळ व आजूबाजूची गडबड ही वाढवावी. परंतु एका वेळी एकच. उंबऱ्याशी व अन्नाच्या थाळीपुढे रोज थांबविल्याने ही सवय दृढ होते.

‘सोड’ – तोंडातील वस्तू ओढून घेऊ नये. तिच्या बदल्यात अधिक रुचकर तुकडा द्यावा, म्हणजे हिसकाहिसकी हा खेळ होत नाही.

आज्ञा केव्हा द्यावी

कान ताठ झाले, शेपटी स्थिरावली, नजर दूर एका जागी खिळली, की झेप जवळ आली असे समजावे. ‘थांब’ म्हणण्याची वेळ ती. एकदा कुत्रा भरधाव सुटला की हाक त्याच्या कानी पडली तरी मनात शिरत नाही. म्हणून धन्याने कुत्र्याकडे लक्ष ठेवण्यास शिकणे हाही या शिक्षणाचाच भाग आहे.

उशिरा का होईना परत आलेल्या कुत्र्यास कधीही मारू नये. आपण मारतो पळून जाण्याबद्दल. तो समजतो, परत येण्याबद्दल. मार खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी हाताच्या टप्प्याबाहेर घुटमळत उभा राहतो.

कसोटी

दोरावर असता, समोर कोंबड्या व शेळ्या हिंडत असताना, एकाच हाकेत सलग दहा वेळा कुत्रा परत येईपर्यंत त्यास उघड्या रानात मोकळे सोडू नये. यास कित्येक महिने लागतात. आणि जेथे हरणे, ससे वा मोर यांचा वावर आहे, तेथे शिकलेल्या कुत्र्यासही दोरावरच ठेवावे. उपजत ओढ शिक्षणाने आवरली जाते. ती समूळ जात नाही. एवढे पथ्य पाळून रोज दहापंधरा मिनिटे दिली, तर हीच चपळ जात शेतकऱ्यास वस्तीची विश्वासू राखणदार म्हणून अनेक वर्षे उपयोगी पडेल.