१५ ऑगस्ट : दोन गीते, एक शिकवण

वाचन : लूक १:३९-५६



१५ ऑगस्टला आपण दोन सण साजरे करतो : पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आणि देशाचा स्वातंत्र्यदिन. सकाळी मिस्साबलिदानात आपण मरियेचे स्तोत्र ऐकतो आणि झेंडावंदनाला राष्ट्रगीत गातो. या दोन गीतांचा एकमेकांशी काय संबंध, हे आज आपण पाहू या.

मरियेचे गीत : मरिया हे गीत एलिझाबेथच्या घरी गाते. त्या काळी तिचा देश रोमी सत्तेखाली होता. तिला आपले पूर्वज आठवतात, अब्राहामाला दिलेले वचन आठवते. देव गर्विष्ठांची दाणादाण करतो, दीनांना वर उचलतो आणि भुकेल्यांना तृप्त करतो, असे ती सांगते. आपल्या लोकांवर तिचे प्रेम आहे. पण थोरवी ती देवाचीच गाते.

देशाचे गीत : रवींद्रनाथ टागोर यांचे 'जन गण मन' २७ डिसेंबर १९११ रोजी कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात प्रथम गायिले गेले. २४ जानेवारी १९५० रोजी त्याला राष्ट्रगीताचा मान मिळाला. मूळ गीताची कडवी पाच. आपण गातो ते पहिलेच. दुसऱ्या कडव्यात कवीने देशातील धर्मांची नावे घेतली आहेत आणि त्यांत ख्रिस्ती लोकांचेही नाव आहे! गीतातला भाग्यविधाता म्हणजे कोणी राजा नव्हे, हे टागोरांनी पुढे १९३७ साली पत्र लिहून स्पष्ट केले. म्हणजे हे गीतही एका अर्थी प्रार्थनाच आहे.

'तुम्ही ख्रिस्ती लोक बाहेरचे' असे कधीकधी आपल्या मुलांच्या कानी पडते. मुले हिरमुसतात, आपणही दुखावतो. अशा वेळी भांडत बसू नये. मुलांना हे दुसरे कडवे दाखवावे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांविषयी सांगावे. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतरही देशप्रेमाच्या कविता लिहिल्या. ख्रिस्ताची भक्ती त्यांनी आपल्या मातीतल्या अभंगांतून गायिली. ख्रिस्ती झाल्याने माणूस देशाला परका होत नाही, हे त्यांनी जगून दाखविले.

मात्र नुसते गाणे पुरेसे नाही. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी 'जय जवान, जय किसान' ही घोषणा दिली. त्यांनी सीमेवरच्या जवानाबरोबर शेतात राबणाऱ्यालाही मान दिला. मरियेच्या गीतातले भुकेले आणि दीन आज आपल्या शेजारीच राहतात. त्यांच्याकडे पाठ फिरवून गायिलेले देशभक्तिगीत देवाला कसे आवडेल?

या आठवड्यात आपण करू या :
१. घरी रोजरीनंतर मरियेचे स्तोत्र वाचावे.
२. राष्ट्रगीताचा अर्थ मुलांना समजावून सांगावा.
३. १५ ऑगस्टच्या गोडधोडाचा एक वाटा गरजू शेजाऱ्याला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, नेऊन द्यावा.

हे मरियामाते, आमच्या देशासाठी विनंती कर. आमेन.