अक्षरातील प्रतीकसृष्टी

हस्तलिखित ग्रंथात आरंभीचे अक्षर सजविण्यामागे केवळ शोभेचा हेतू नसे. इ. स. ८०० च्या सुमारास तयार झालेला 'बुक ऑफ केल्स' हा लॅटिन शुभवर्तमानांचा ग्रंथ याचे उत्तम उदाहरण होय. वासराच्या कातड्याच्या पानांवर लिहिलेला हा ग्रंथ डब्लिन येथील ट्रिनिटी कॉलेजात जतन केलेला आहे.

मत्तयकृत शुभवर्तमानात वंशावळ संपून येशूची जन्मकथा सुरू होते, तेथे ख्रिस्ताचे नाव तीन ग्रीक अक्षरांच्या संक्षेपाने लिहिले आहे. त्यांपैकी फुलीच्या आकाराच्या पहिल्या अक्षराने जवळजवळ सारे पान व्यापले आहे.

प्रथमदर्शनी चक्रे आणि वेलबुट्टीच नजरेत भरते. बारकाईने पाहता देवदूत, पतंग आणि मासा धरलेले पाणमांजर दिसते. तळाशी उंदीर एक गोल चकती कुरतडीत आहेत आणि मांजरे त्यांच्याकडे पाहत आहेत. ही चित्रकाराची थट्टा की उपदेश? मासा हे ख्रिस्ताचे प्राचीन प्रतीक आहे. चकती ही ख्रिस्तप्रसादाची भाकर असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. जल, भूमी व आकाश यांतील जीव एका नामाच्या आश्रयास आले आहेत, असाही अर्थ त्यातून निघतो.

अक्षरात रूप पाहण्याची दृष्टी मराठी वाचकास नवी नाही. 'ज्ञानेश्वरी'च्या (१२९०) आरंभी ओंकाराच्या मात्रांत गणेशाचे चरण, उदर व मस्तक कल्पिले आहे. या दोन परंपरांचा परस्परसंबंध नाही. परंतु दोन्हींकडून एक बोध घेता येतो. सजविलेले अक्षर कोणत्या वचनाच्या आरंभी आहे, हे प्रथम पाहावे. प्रतीकाचा अर्थ तेथूनच उलगडू लागतो.