सामायिक लायब्ररी व निरनिराळ्या कार्यप्रणाली

संगणकावरील अनेक आज्ञावल्यांना एकच काम वारंवार करावे लागते. ते प्रत्येक आज्ञावलीत स्वतंत्रपणे न लिहिता एका संग्रहात ठेवावे व सर्वांनी तेथून वापरावे, या व्यवस्थेस सामायिक लायब्ररी म्हणतात. अशी लायब्ररी निरनिराळ्या कार्यप्रणालींसाठी कशी सिद्ध करावयाची, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

उदाहरणादाखल ‘हार्फबझ’ ही लायब्ररी घेऊ. अक्षरांची जुळणी हे तिचे कार्य. ‘कि’ लिहिताना संगणकाच्या स्मृतीत आधी ‘क’ व नंतर वेलांटी साठविली जाते. कागदावर मात्र वेलांटी आधी उमटली पाहिजे. ‘सूर्य’मधील रफार व ‘क्षेत्र’मधील जोडाक्षर यांचीही व्यवस्था फाँटातील नियमांनुसार हीच लायब्ररी लावते. लिब्रऑफिसने २०१७ साली ५.३ या आवृत्तीपासून सर्व कार्यप्रणालींवर हार्फबझचा अवलंब केला. तत्पूर्वी प्रत्येक प्रणालीवर जुळणीचे साधन वेगळे असे. जुळणी बिघडल्यास दाखल्यावरील नागरिकाचे नावच अशुद्ध उमटते. म्हणून हा केवळ तंत्रज्ञांचा विषय नव्हे.

मूळ एक, रूपे अनेक

हार्फबझची मूळ आज्ञावली सी++ भाषेत असून ती सर्वत्र एकच आहे. परंतु कम्पायलरमधून निघणाऱ्या फाइलची घडण लिनक्सवर ‘एल्फ’, विंडोजवर ‘पीई’ आणि मॅकवर ‘माख-ओ’ या पद्धतीची असते. त्यामुळे एका प्रणालीवरील तयार फाइल दुसरीवर नुसती उतरवून चालत नाही. प्रोसेसर बदलल्यासही ती पुन्हा कम्पाइल करावी लागते.

(१) लिनक्स : लायब्ररी स्मृतीत कोणत्याही पत्त्यावर ठेवली तरी चालेल, अशा स्थाननिरपेक्ष रूपात कम्पाइल करावी. त्यामुळे तिची एकच प्रत अनेक आज्ञावल्यांना एकाच वेळी वापरता येते. फाइलमध्ये ‘एसओ-नेम’ म्हणजे आवृत्तीक्रमांकासह नाव नोंदवावे. आज्ञावली सुरू होताना याच नावाने लायब्ररीचा शोध घेतला जातो.

(२) विंडोज : येथे कोणती कार्ये बाहेरच्यांना उपलब्ध करावयाची, ते स्पष्टपणे जाहीर करावे लागते. डीएलएल फाइलसोबत एक लहानशी आयात-लायब्ररी तयार होते. ती आज्ञावली जोडतेवेळी लागते. प्रत्यक्ष चालविताना मात्र डीएलएलच लागते. ती आज्ञावलीच्याच फोल्डरमध्ये ठेवणे सोयीचे.

(३) मॅक : लायब्ररीत तिचा स्वतःचा पत्ता नोंदविलेला असतो व जोडणीच्या वेळी तो वापरणाऱ्या आज्ञावलीत उतरतो. फाइल नंतर अन्यत्र हलविल्यास आज्ञावलीस ती सापडत नाही. म्हणून हा पत्ता आरंभीच विचारपूर्वक ठरवावा.

वचनाचे महत्त्व

सी++ भाषेतील कार्यांची नावे निरनिराळे कम्पायलर निरनिराळ्या रीतीने बदलून नोंदवितात. सी भाषेत ही अडचण फारशी येत नाही. म्हणूनच हार्फबझ आतून सी++मध्ये असली, तरी तिचे बाह्य रूप सी भाषेचे ठेवले आहे. तिच्या एसओ-नेममधील क्रमांक आजही शून्यच आहे. याचा अर्थ असा की, जुन्या आज्ञावल्यांना दिलेले वचन नव्या आवृत्त्यांनीही पाळले आहे. एखादे कार्य काढून टाकावयाचे किंवा त्याचे स्वरूप बदलावयाचे झाल्यास क्रमांक बदलणे आवश्यक ठरते. तसे न केल्यास कम्पायलर काहीही तक्रार करीत नाही. आज्ञावली मात्र ऐन कामाच्या वेळी बंद पडते.

तपासणी

कम्पाइल झाले म्हणजे काम संपले, असे समजू नये. आज्ञावली कोणत्या लायब्रऱ्यांवर अवलंबून आहे, हे लिनक्सवर ‘एलडीडी’, विंडोजवर ‘डम्पबिन’ व मॅकवर ‘ओटूल’ या साधनांनी पाहावे. ज्या संगणकावर लायब्ररी सिद्ध केली, त्यावर सर्व साहित्य आधीच उपलब्ध असल्याने उणीव झाकली जाते. यास्तव चाचणी दुसऱ्या, कोऱ्या संगणकावर घ्यावी. अखेरीस ‘कि’, ‘सूर्य’, ‘क्षेत्र’ व ‘ऱ्हास’ हे शब्द तिन्ही प्रणालींवर एकाच फाँटात छापून ताडून पाहावेत. ते सर्वत्र सारखे व शुद्ध उमटले, तरच लायब्ररी वापरास योग्य समजावी.